गावचा दगड, शाळेचा पाठ
बोर्ली पंचतन परिसराच्या आधारे प्राथमिक शाळेत खडक व खडकचक्र कसे शिकवावे?

खडकांचे प्रकार तीन : अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित. हे वाक्य आपल्या राज्यातील असंख्य विद्यार्थ्यांनी पाठ केले आहे आणि परीक्षेत बिनचूक लिहिलेही आहे. तथापि, हेच वाक्य लिहिणाऱ्या मुलाला ज्या पायरीवर तो बसला आहे तिचा दगड कोणत्या प्रकारचा, असे विचारले तर तो बहुधा गोंधळून जातो. पुस्तकातील खडक आणि पायाखालचा खडक यांची गाठ त्याच्या मनात कधी पडलेलीच नसते.

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन हे गाव अशी गाठ घालून देण्यास अत्यंत अनुकूल आहे. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस दिवेआगरची पुळण, मध्ये भातखाचरे व नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि गावात जांभ्या चिऱ्याच्या भिंती. ज्या शिक्षकापाशी प्रयोगशाळा नाही, त्याला निसर्गाने येथे एक प्रयोगशाळाच देऊ केली आहे. तिचा उपयोग प्राथमिक शाळेतील आठ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी कसा करता येईल, याचा विचार या लेखात केला आहे.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने ते कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढविले. महागड्या साधनांऐवजी खडे, शंख-शिंपले, पाने, बिया यांच्या साहाय्याने मुले उत्तम शिकतात, हे त्यांनी प्रत्यक्ष दाखवून दिले. दगडांचा पाठ हा त्याच वाटेवरचा पाठ होय.

आधी हाताळणी, मग नावे

पहिल्या दिवशी 'अग्निजन्य' वगैरे शब्द उच्चारूच नयेत. प्रत्येक मुलाने घराजवळचे तीन दगड आणावेत, एवढेच सांगावे. त्यांत काळा घट्ट दगड, तांबडा सच्छिद्र दगड, पांढरी गारगोटी, पुळणीवरचा गुळगुळीत गोटा असे नाना प्रकार येतील. मुलांनी ते आपल्या मनाने गटांत लावावेत. कोणी रंगावरून लावील, कोणी वजनावरून, कोणी खरखरीतपणावरून. कोणताही गट चुकीचा म्हणू नये. मात्र असा गट का केला, हे प्रत्येकाने सांगितलेच पाहिजे. वर्गीकरणाची शिस्त येथूनच सुरू होते.

त्यानंतर तीन सोप्या कसोट्या घ्याव्यात. पहिली कसोटी पाण्याची. दगडावर पाण्याचा एक थेंब सोडावा. कोरड्या जांभ्यावर तो चटकन मुरतो. घट्ट काळ्या दगडावर तो बराच वेळ तसाच राहतो. दुसरी कसोटी खिळ्याची. लोखंडी खिळ्याने कोणता दगड ओरखडतो आणि कोणता दाद देत नाही, ते पाहावे. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ साली खनिजांच्या काठिण्याची जी दहा अंशांची श्रेणी तयार केली, तिचे मूळ याच ओरखड्यात आहे. गारगोटीचे काठिण्य त्या श्रेणीत सात आहे. म्हणून ती काचेवरही रेघ ओढते. तिसरी कसोटी लिंबाच्या रसाची. शिंपल्याची पूड करून तीवर रस पिळला की बुडबुडे येतात. शिंपल्यातील चुनखडी आणि आम्ल यांच्या संयोगाने कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, त्याचे ते बुडबुडे. गारगोटीवर मात्र लिंबू पिळले तरी काही होत नाही.

या तीन कसोट्यांची नोंद मुलांनी वहीत तक्ता आखून करावी. नावे आली नाहीत तरी गुणधर्म कळले. आणि गुणधर्म कळल्यावर नावे लक्षात राहण्यास वेळ लागत नाही.

काळा दगड : अग्नीचे अपत्य

कोकणातील पाटा-वरवंटा, जाते आणि जुन्या विहिरींचे बांधकाम बहुधा काळ्या दगडाचे असते. हा दगड म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूकवचाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तप्त लाव्हारस बाहेर आला व दूरवर पसरला. असे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्र या खडकाने व्यापलेले असून सह्याद्रीच्या परिसरात त्याची जाडी दोन हजार मीटरच्या घरात जाते.

येथे मुलांच्या मनातील एक समजूत दूर करावी लागते. ज्वालामुखी म्हटला की चित्रातील शंकूच्या आकाराचा, माथ्यातून धूर ओकणारा डोंगर त्यांच्या डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडे तसा डोंगर कोठे आहे, असा प्रश्न हुशार मूल विचारणारच. त्यावर उत्तर असे की, दख्खनचा बराचसा लाव्हा भेगांतून, उतू जाणाऱ्या दुधासारखा पसरत गेला. म्हणूनच आपले डोंगर शंकूसारखे नसून पायऱ्या-पायऱ्यांचे व सपाट माथ्याचे दिसतात.

काळ्या दगडात पुष्कळदा लहान छिद्रे आढळतात. ती कशी पडली, हे समजावण्यास आंबोळीसारखे दुसरे साधन नाही. तव्यावर पीठ पडले की आतला वायू बाहेर येऊ पाहतो आणि आंबोळीला जाळी पडते. लाव्ह्यातील वायू निसटताना वरचा भाग थिजत गेला, म्हणून दगडालाही तशीच जाळी पडली. पुढे या पोकळ्यांत पाण्यासोबत आलेली द्रव्ये साचून पांढरे, चमकदार स्फटिक तयार झाले. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील असे झिओलाइट स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेले आहेत.

बेसॉल्टचे कण डोळ्यांना वेगवेगळे का दिसत नाहीत, हेही स्वयंपाकघरातूनच सांगता येते. साखरेचा पाक झटकन थिजला तर एकसंध वडी होते. सावकाश स्फटिक धरू दिले तर खडीसाखरेचे टपोरे खडे होतात. लाव्हा उघड्यावर लवकर थंड झाला, म्हणून बेसॉल्ट बारीक कणांचा. ग्रॅनाइट मात्र भूपृष्ठाखाली खोलवर, फार सावकाश थंड झालेला. म्हणून त्याचे कण मोठे व वेगवेगळे दिसतात. आजकाल अनेक घरांच्या ओट्यावर ग्रॅनाइट असतो. तो आणि पाटा शेजारी ठेवून मुलांना पाहू द्यावेत.

तांबडा चिरा : पुस्तकाच्या चौकटीत न बसणारा

आता या परिसरातील सर्वांत महत्त्वाच्या आणि शिक्षकाला सर्वाधिक अडचणीत टाकणाऱ्या दगडाकडे वळू. घराची भिंत, वाडीचा गडगा, विहिरीचा काठ येथे जो तांबडा चिरा दिसतो, तो जांभा खडक. तीन प्रकारांपैकी तो कोणता? तो लाव्हा थिजून झालेला नाही, गाळ साचून झालेला नाही आणि दाब-उष्णतेने रूपांतरितही झालेला नाही. काही ठिकाणी घाईघाईने त्याला 'रूपांतरित' म्हणून मोकळे होतात. परंतु ते शास्त्राला धरून नाही.

जांभा हा अवशिष्ट खडक होय. कोकणात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले महिने कडक उन्हाचे असतात. लक्षावधी वर्षे ही भिजणी-वाळणी चालली की बेसॉल्टमधील चुना, मॅग्नेशियम, सिलिका अशी द्रव्ये पाण्याबरोबर निघून जातात. मागे राहतात ती मुख्यतः लोह आणि अ‍ॅल्युमिनियम यांची संयुगे. लोहाला हवेचा स्पर्श झाला की ते गंजते. खिळ्यावर येतो तोच रंग जांभ्याला येतो. काळ्या दगडाचे सत्त्व पावसाने धुऊन नेल्यावर जे उरले, ते तांबडे जांभे. हे मुलांना पटवावयाचे तर गंजलेला खिळा आणि चिऱ्याचा तुकडा एकत्र दाखवावा; अधिक सांगावे लागत नाही.

ज्या भागात अ‍ॅल्युमिनियमचे प्रमाण फार वाढते, तेथे बॉक्साइट तयार होते. श्रीवर्धन तालुक्याच्या माळरानांवर ते आढळते. घरातील अ‍ॅल्युमिनियमच्या टोपाचे मूळ अशा खडकात आहे, हे समजले की मुलांचे कुतूहल दुणावते.

जांभ्याचा आणखी एक गुण गवंड्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हत्याराने सहज कापला जातो. हवेत उघडा राहिला की टणक होतो. फ्रान्सिस बुकानन या अभ्यासकाने १८०७ साली केरळातील अंगाडीपुरम येथील या दगडाचे वर्णन करताना नेमका हाच गुण टिपला आणि वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटेराइट' हे नाव दिले. जगभरच्या भूविज्ञानात रूढ झालेले हे नाव आपल्याच पश्चिम किनारपट्टीवरील एका बांधकामाच्या दगडावरून पडले, ही गोष्ट कोकणातील मुलांना अवश्य सांगावी. गावात एखादी चिरेखाण असेल तर तेथील कामगारास शाळेत निमंत्रित करावे. दगडाविषयी त्याला असलेले ज्ञान पुस्तकात मिळणारे नाही.

शास्त्रातील चौकटी निसर्गाने आखलेल्या नाहीत; समजण्याच्या सोयीसाठी त्या माणसाने आखल्या आहेत. काही वस्तू त्यांत चपखल बसत नाहीत. जांभ्याच्या निमित्ताने हे भान मुलांना प्राथमिक शाळेतच आले, तर तो फार मोठा लाभ ठरेल.

पुळणीवरचा पाठ

गाळाचे खडक समजून घेण्यासाठी मुलांना ओहोटीच्या वेळी पुळणीवर न्यावे. वाळू मुठीत घेऊन भिंगातून पाहिली की तीत काळे कण, तांबूस कण आणि शिंपल्यांचा पांढरा चुरा स्पष्ट दिसतो. वाळूतून लोहचुंबक फिरविला तर बारीक काळे कण त्याला चिकटतात. ते मॅग्नेटाइटचे कण, बेसॉल्ट झिजून आलेले. जो दगड डोंगरावर होता, तोच चूर्ण होऊन समुद्राकाठी आला आहे, याचा हा प्रत्यक्ष पुरावा.

शाळेत परतल्यावर काचेच्या बरणीत खडे, वाळू, माती व पाणी घालून ती हलवावी आणि रात्रभर ठेवावी. सकाळी खडे तळाशी, वर वाळू, तीवर बारीक माती असे थर दिसतात. नदी समुद्राला मिळते तेथे हेच घडते. थरांवर थरांचा भार पडून, कणांमध्ये चुन्यासारखे बांधक द्रव्य शिरून ते घट्ट झाले की गाळाचा खडक तयार होतो.

कोकण किनाऱ्यावर काही ठिकाणी असा खडक अगदी अलीकडच्या काळात तयार झालेला दिसतो. वाळू आणि शिंपले चुनखडीने सांधले जाऊन बनलेल्या या दगडाला स्थानिक भाषेत 'करळ' म्हणतात. त्याच्यावर लिंबू पिळले तर बुडबुडे येतील. पहिल्या दिवशीची कसोटी येथे कामी येते.

याच समुद्राच्या पोटात, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेस, १९७४ साली 'सागर सम्राट' या तरत्या यंत्रणेने खनिज तेल शोधून काढले. 'बॉम्बे हाय' या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या क्षेत्रातील तेल मुख्यतः चुनखडकाच्या थरांत साठलेले आहे. चुनखडक हा गाळाचाच खडक.

घर हेच संग्रहालय

रूपांतरित खडकांच्या बाबतीत मात्र प्रामाणिक राहावे. बोर्ली पंचतनच्या डोंगरात ते दाखविता येणार नाहीत. त्यांसाठी दक्षिणेस सिंधुदुर्ग जिल्ह्यात वा पूर्व विदर्भात जावे लागेल. तेथे दख्खनच्या लाव्ह्याहून कितीतरी जुने पट्टिताश्म व गारेचे खडक उघडे पडलेले आहेत. ओढूनताणून स्थानिक उदाहरण देण्यापेक्षा 'आपल्याकडे हा खडक नाही' असे सांगणे हेच शास्त्रीय वृत्तीचे शिक्षण होय.

डोंगरात नसले तरी घरात ते असतात. देवघरातील संगमरवरी मूर्ती हा रूपांतरित चुनखडक. ताजमहालासाठी राजस्थानातील मकराणा येथून आणला तो याच जातीचा. आजी-आजोबांच्या काळातील दगडी पाटी कोणाच्या माळ्यावर सापडली, तर ती म्हणजे चिखलाच्या खडकाला प्रचंड दाब मिळून झालेला रूपांतरित खडक. शहाबादी फरशी आणि ओट्याचा काळा कडप्पा हे चुनखडकच, म्हणजे गाळाचे. पाटा-वरवंटा अग्निजन्य. आणि या सर्वांना सांभाळणारी भिंत जांभ्याची. प्रत्येक मुलाने आपल्या घरातील दगडांची यादी करून त्यापुढे प्रकार व मूळ गाव लिहावे. घरातील वडीलधाऱ्यांना विचारल्याखेरीज ही यादी पुरी होत नाही, हा तिचा आणखी एक फायदा.

गुळाचे खडकचक्र

आता चक्र दाखवावे. पिवळा व काळा असे दोन प्रकारचे गूळ किसून घ्यावेत. हा झाला गाळ. ताटलीत त्यांचे आलटून-पालटून थर द्यावेत आणि तळव्याने घट्ट दाबावेत. हा गाळाचा खडक. ती ढेप केळीच्या पानात गुंडाळून कोमट भांड्यावर ठेवावी व वरून वरवंट्याने दाबावी. गूळ वितळत नाही, परंतु थर चेपून, वाकून एकजीव होऊ लागतात. हा रूपांतरित खडक. शेवटी शिक्षकांनी स्वतः तो गूळ पातेल्यात वितळवून तुपाच्या थाळीत ओतावा. थंड झाल्यावर जी कडक वडी होते, तो अग्निजन्य खडक. ती पुन्हा फोडली की पुन्हा चुरा, म्हणजेच गाळ. पाठ संपल्यावर साधनांचे काय करावयाचे, हे मुलांना सांगावे लागणार नाही.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. 'चक्र' या शब्दामुळे मुलांना वाटते की प्रत्येक दगड रहाटगाडग्याप्रमाणे ठरलेल्या क्रमाने फिरतो. तसे नाही. अग्निजन्य खडक झिजून गाळ होईल, किंवा दाबाखाली सापडून थेट रूपांतरित होईल. गाळाचा खडक वर उचलला जाऊन पुन्हा झिजेल. वाटा अनेक आहेत. हे चक्र आजही थांबलेले नाही. अंदमानातील बॅरन बेटावरचा ज्वालामुखी दीर्घ विश्रांतीनंतर १९९१ साली जागा झाला आणि त्यानंतरही त्याचे उद्रेक होत राहिले. तेथे नवा अग्निजन्य खडक तयार होत आहे.

ही कल्पना प्रथम सुसूत्रपणे मांडली ती स्कॉटलंडच्या जेम्स हटन यांनी, १७८५ साली, एडिंबरो येथील विद्वत्सभेपुढे. हटन यांनी काही वर्षे शेती केली होती. पावसाने शेतातील माती वाहून जाते, मग सगळी जमीन समुद्रात का जात नाही, या प्रश्नातून ते विचार करू लागले. पावसाळ्यात बांध फुटून खाचरातील माती जाताना पाहणाऱ्या कोकणातील मुलाला हा प्रश्न परका वाटणार नाही.

काळाचे माप

६ कोटी ६० लाख वर्षे म्हणजे किती, हे मुलांना आकड्याने कळत नाही. त्यासाठी वहीचे पान हे माप घ्यावे. एका पानास एक हजार वर्षे धरली तर दख्खनच्या लाव्ह्यापासून आजपर्यंतचा काळ ६६,००० पानांत मावेल. म्हणजे दोनशे पानी ३३० वह्या लागतील. त्या वह्यांच्या चळतीत रायगडावरील १६७४ चा शिवराज्याभिषेक शेवटच्या पानाच्या खालच्या अर्ध्या भागात येतो. एवढे सांगून वर्गात क्षणभर स्तब्ध राहावे.

सहल आणि सुरक्षितता

याच तालुक्यातील हरिहरेश्वर हे सहलीसाठी उत्तम स्थळ आहे. प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी कोरलेले कडे, कातळातील रांजणखळगे आणि खाऱ्या तुषारांनी मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे जाळी पडलेला दगड पाहावयास मिळतो. मात्र भरती-ओहोटीची वेळ पाहूनच, स्थानिक जाणत्यांना सोबत घेऊनच जावे. भरतीच्या वेळी त्या वाटेवर मुळीच उतरू नये. दगड फोडताना मोठ्यांनीच फोडावा व मुलांना दूर उभे करावे. देवालये, किल्ले, लेणी यांच्या दगडांवर खिळ्याची कसोटी कधीही घेऊ नये.

हा पाठ कशासाठी?

दगडांची माहिती मिळून मुलांच्या आयुष्यात काय फरक पडणार, असा प्रश्न पालक विचारू शकतील. रायगड जिल्ह्यापुरते तरी त्याचे उत्तर स्पष्ट आहे. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई आदी गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी त्याच तालुक्यातील तळीये गावावर डोंगर उतरला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. या आपत्तींत कुटुंबेच्या कुटुंबे नाहीशी झाली.

दरड कोसळणे हा खडकचक्राचाच एक भाग आहे. वरचा खडक झिजून मऊ होतो, खालचा घट्ट कातळ पाणी आत जाऊ देत नाही. अतिवृष्टीत मधल्या भागात पाणी साचते आणि वरचा भार निसटतो. पाण्याच्या थेंबाची कसोटी ज्या मुलाने केली आहे, त्याला ही गोष्ट एका वाक्यात समजते. पाठाच्या अखेरीस धोक्याच्या खुणाही शिकवाव्यात : उतारावर जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे वा खांब कलणे, नसलेल्या ठिकाणी गढूळ पाण्याचे झरे फुटणे, घराच्या भिंतींना अचानक चिरा जाणे. अशी खूण दिसताच ती मोठ्यांना सांगावी, मोठ्यांनी ग्रामपंचायतीस व तहसील कार्यालयास कळवावी, आणि पाऊस चालू असेल तर वाट न पाहता उतारावरून दूर व्हावे.

खडकांचा पाठ तीन नावांवर सुरू होऊन तीन नावांवर संपला, तर परीक्षेतील दोन गुण मिळतील. तोच पाठ चिऱ्याच्या भिंतीपासून सुरू होऊन पुळणीवरून, स्वयंपाकघरातून फिरून डोंगराच्या उतारापर्यंत गेला, तर आपण राहतो त्या भूमीकडे जाणतेपणाने पाहणारा नागरिक घडेल. त्यासाठी लागणारे साहित्य एक लिंबू, एक खिळा, एक चुंबक, एक बरणी आणि थोडा गूळ, एवढेच आहे. बाकीचे सर्व गावातच आहे. येत्या सत्रात शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग आपापल्या गावच्या दगडावर अवश्य करून पाहावा.